कॅमेऱ्यामागे कोणी नसताना

तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नाचा अल्बम डोळ्यांसमोर आणा आणि खरं सांगा, त्यात कोण नाही?

कोण चांगलं दिसलं, कोणाचे डोळे मिटले, हे मी विचारत नाही. जिने डाळ-तांदळाचा अंदाज काढला, रुखवत मांडलं, पाहुण्यांच्या अंथरुणांची सोय लावली आणि तरीही एवढ्या जाडजूड अल्बममध्ये जी एकदाही समोरून दिसत नाही, तिच्याबद्दल विचारते आहे. सापडलीच तर पाठमोरी सापडेल. नाहीतर नुसतं कोपर, आणि कोपराखाली एक ताट.

लग्न लावणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. अल्बम चाळणाऱ्यांच्याही येत नाही. फोटो काढणाऱ्याला मात्र दिसतं. कॅमेरा डोळ्याला लावला की कोण पुढे सरकतं आणि कोण मागे, ते सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. मी भोरमध्ये हेच काम करते. लग्नं, बारशी, साखरपुडे, शाळांची संमेलनं, वेळ पडली तर विम्यासाठी मेलेल्या म्हशीचा फोटो. स्कूटीच्या मागे ट्रायपॉड बांधायचा आणि वेल्ह्यापासून किकवीपर्यंत कुठूनही बोलावणं आलं की निघायचं.

माझे वडील धरणग्रस्तांच्या चळवळीतले. घरात पुस्तकं मोजकी, पत्रकं मात्र ढिगाने. डब्यांखाली पत्रकं, खिडकीच्या फटीत पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांची. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ ओळखता यायचा. त्यामुळे माझ्या बोलण्यात उद्गारचिन्हं फार असतात, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. फोटोबद्दल तक्रार नसते, म्हणून ही तक्रार मी चालवून घेते.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या एका हत्यारावर लिही. त्यांना वाटलं असेल, मी एखाद्या महागड्या लेन्सवर लिहीन. मी टायमर रिमोटवर लिहिते आहे. तळहाताएवढी काळी डबी, तिला एक वायर, वायरीच्या टोकाला पिन. पिन कॅमेऱ्यात खोचायची. मग डबीला चार गोष्टी सांगायच्या: सुरुवात किती वेळाने करायची, कॅमेऱ्याच्या आतला पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, दोन फोटोंमध्ये किती थांबायचं आणि एकूण किती फोटो काढायचे. एवढं सांगून तुम्ही चहाला गेलात तरी ती आपलं काम करत राहते. डोंगरावर ढग कसे चढतात, कळी कशी उमलते, असले फोटो काढणारे हौशी लोक ती वापरतात. मी वापरते, कारण हाताखाली माणूस ठेवणं मला परवडत नाही. लग्नात एक कॅमेरा माझ्या हातात असतो, दुसरा कोपऱ्यात ट्रायपॉडवर. त्या दुसऱ्याचा फोटोग्राफर म्हणजे ही डबी. जेवायला मागत नाही आणि करवल्यांकडे बघत बसत नाही.

घ्यायचीच असेल तर आधी पिन बघा. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांची वेगळी. मी पहिल्यांदा पुण्यात घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, “मॅडम, सगळ्यांना चालतो.” सगळ्यांना चालला असेल. माझ्या कॅमेऱ्यात शिरला नाही. तेव्हापासून मी कॅमेरा बरोबर नेते, दुकानातच पिन खोचून बघते आणि मगच पैसे देते. वायरीविना चालणारे रिमोटही मिळतात. घरात ठीक असतात, पण मांडवाच्या गर्दीत त्यांनी मला दोनदा दगा दिला. मी वायरवालीच झाले. आणि तिसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही: कुलूप असलेला रिमोट घ्या. म्हणजे असं एक बटण, जे दाबून धरलं की बाकीची बटणं मुकी होतात. आपल्याकडच्या लग्नात जे बटण दिसतं ते दाबलं जातं. जनरेटरचंही दाबलं जातं, रिमोटचं कोण सोडतंय?

वापरताना कॅमेऱ्याचं आपोआप फोकस करणं बंद करायचं, नाहीतर दर वेळी तो आंधळ्यासारखा चाचपडत बसतो. फोकस एकदाच हाताने लावायचा. आवाज बंद. सेल नवे. दोन फोटोंमध्ये एवढा वेळ द्यायचा, की आधीचा फोटो कार्डावर उतरून झालेला असेल. झालं. यंत्र इतकंच आहे. बाकीची सगळी अडचण माणसांची.

ती अडचण मला गुंजवणे गावातल्या एका भातलावणीत कळली. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला, पुण्यात नोकरी करणाऱ्या, आपल्या खाचरातली लावणी फोटोंतून सरकताना बघायची होती. रिकामं खाचर बघता बघता हिरवं होतं, असं काहीतरी. मी बांधावर ट्रायपॉड रोवला, त्यावर छत्री बांधली, रिमोट लावला आणि शेजारी उभी राहिले. सगळी लावणीच बिघडली. बायका रोप लावायच्या, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायच्या, पदर सावरायच्या, मग पुढचं रोप. एक आजोबा दर फोटोला श्वास रोखून धरत होते. पुढचा फोटो कधी निघणार ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे जवळजवळ सतत श्वास रोखलेला. चेहरा लाल झाला.

“आबा, श्वास घ्या,” मी ओरडले.

“मंग तू सांग की कवा काढतीस ते!”

“मी नाही काढत. तो आपोआप निघतो.”

“आपोआप निगतो तर तू हितं कशाला हुबी?” शेतकरी वैतागून म्हणाला. “तू हाईस म्हून ह्या बघत्यात. जा, तिकडं चहा पी जा. तुज्या फोटोपायी माजी लावणी थांबली.”

मी अपमान गिळून चहाला गेले. परत आले तेव्हा कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. त्यावर एक बेडूक बसला होता. घरी फोटो लावून बघितले, तर मी शेजारी असतानाचे सगळे फोटो म्हणजे शाळेचा गट-फोटो आणि मी गेल्यानंतरचे सगळे म्हणजे लावणी. त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. माणूस कॅमेऱ्याला बुजत नाही. कॅमेऱ्यामागे कोण आहे, त्याला बुजतो.

आता विंझर गावची गोष्ट सांगते. हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला. नावं बदलली आहेत.

पूनम पुण्यात एका रक्त-तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. लग्नाचं बुकिंग करायला ती एकटीच माझ्या स्टुडिओत आली. तिला फोटोसाठी रंगीत छत्र्या, धूर, ड्रोन, यातलं काही नको होतं. मोबाईलवर तिने साखरपुड्याचे फोटो दाखवले. दुसऱ्या कोणीतरी काढलेले. एकामागून एक सरकवत ती शेवटच्या फोटोवर थांबली.

“हे बघ, ताई. ही माझी आई.”

मी बघितलं. कोपर होतं. कोपराखाली पेढ्यांचं ताट.

पूनम शाळेत असताना तिचे वडील वारले. आई सुमन, म्हणजे सुमनकाकू, तेव्हापासून कुठल्याच शुभकार्याच्या फोटोत नाही. कोणी हाकलत नाही. कॅमेरा वर झाला की ती स्वतःच उठते, भांडी आठवतात, दूध आठवतं. पूनमची हळदही थोरल्या चुलतीने, आक्काने लावायची असं ठरलेलं. सवाष्णींनी लावायची, विधवा आईने नाही. रीत.

“मला एक फोटो पायजे,” पूनम म्हणाली. “माज्या लग्नातला. मी आणि आई. एक. बाकीचे काढले न्हाईस तरी चालंल.”

माझ्या अंगात पत्रकं संचारली. आमच्या घरची लग्नं विहारात लागतात, तिथे सवाष्णींची मोजणी नसते. त्यामुळे या रीतीचा मला राग यायला काही मोल पडत नाही, फुकटात येतो. लग्नाआधी जागा बघायला म्हणून मी विंझरला गेले आणि अंगणात लसूण सोलत बसलेल्या सुमनकाकूंना सरळ भाषण ठोकलं. ही प्रथा अन्यायाची आहे. ग्रामसभा आता हिच्याविरुद्ध ठराव करताहेत. आईचा हक्क कोण काढून घेतो?

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. सोललेल्या पाकळ्या एका बाजूला केल्या.

“बाय, तुजं समदं खरं हाय,” त्या म्हणाल्या. “मला काय कळत न्हाई व्हय? म्या पूनमला हळद लावली म्हणून आभाळ पडत न्हाई. पर उद्या तिच्या नवऱ्याची गाडी घसरली, न्हाईतर मूल लवकर राह्यलं न्हाई, तर लोक काय करतील ठावं हाय? तुजा अल्बम उघडतील. ह्या फोटोवर बोट ठेवतील. म्हणतील, ही बघा, हिनं हात लावला हुता. तोंडानं बोललेलं लोक इसरत्यात गं. फोटो जात न्हाई.”

मी समजत होते की या बाईला आपला हक्क माहीत नाही. तिने तर पुढच्या वीस वर्षांचा हिशोब मांडून ठेवला होता. ती रीतीला घाबरत नव्हती. पुराव्याला घाबरत होती, आणि तो पुरावा तयार करणं हा माझा धंदा होता.

तेवढ्यात आक्का बाहेर आल्या. सुमनकाकूंची थोरली जाऊ. ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. घरातली रीतभात सांभाळणारी हीच, हे बघताक्षणी समजावं अशी बाई. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“फोटोवाली तू? काय सांगतीस माज्या जावंला?”

“प्रथेबद्दल बोलत होते.”

“तुमच्यात न्हाई का गं असलं काय?”

“आमच्यात नाही.”

“मंग बरं हाय तुमचं,” असं म्हणून त्या लसणाची परडी उचलून आत गेल्या. मी मनातल्या मनात त्यांचं नाव शत्रुपक्षाच्या रकान्यात लिहून टाकलं.

मी काकूंच्या समोर बसले आणि गुंजवण्याची गोष्ट सांगितली. बेडकासकट. काकू हसल्या. मग मी म्हणाले, “काकू, हळदीला कोपऱ्यात एक कॅमेरा असेल. तो स्वतःच दर दहा सेकंदांनी फोटो काढेल. चोरून ठेवणार नाही, तुम्हाला दिसेल असा ठेवीन. नको वाटलं तर पाठ फिरवा.”

“त्याच्यामागं कोण?”

“कोणी नाही.”

“मंग या म्हणून हाक कोण मारणार?”

“कोणीच नाही. आणि बाजूला व्हा म्हणूनही कोणी सांगणार नाही.”

काकूंनी पदरावरची लसणाची सालं झटकली. “आणि फोटो?”

“तुमचा एक जरी निघाला तरी पहिला तुम्हाला दाखवीन. पूनमलाही नंतर. तुम्ही पुसून टाक म्हणालात तर तुमच्या देखत पुसेन.”

“बगू,” त्या म्हणाल्या. एवढंच.

हळदीच्या सकाळी मी मांडवाच्या कोपऱ्यात ट्रायपॉड लावला. समोर पाट, मागे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे मांडवाचं तोंड. फोकस हाताने पाटावर लावला, रिमोटला सगळं सांगितलं, कुलूप लावलं. काकूंना लांबून खूण केली, हा बघा. त्यांनी बघितलं आणि आत गेल्या.

पूनम पाटावर बसली. तेल लावून झालं. घरची हळद वाटीत तयार होती, पण सुरुवात होईना, कारण किकवीहून नवऱ्याची उष्टी हळद यायची होती. आधी नवऱ्याला लागते, मग उरलेली नवरीकडे येते, मगच पुढचं. करवल्यांचा टेम्पो वाटेत कुठेतरी अडकला होता. बायका कंटाळल्या. मी हातातला कॅमेरा घेऊन उगाच तोरणांचे फोटो काढत होते. आक्का माझ्याजवळ आल्या.

“हे कोपऱ्यातलं सोताच फोटो काढतंय व्हय?”

“हो, आक्का.”

“दिसभर?”

“मी बंद करेपर्यंत.”

“मंग तू हितं काय करतीस? टेम्पो आलाय खाली. चल रस्त्याला, करवल्यांचं फोटो नको का?” आणि मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा आवाज, “ए बायांनू, उठा समद्याजणी! उष्टी हळद आली. सामोऱ्या चला. एकबी मागं ऱ्हायली तर बघा!”

सगळ्या निघाल्या. मीही निघाले. आक्का तेवढ्या सगळ्यांच्या मागून आल्या. टेम्पो खरंच आला होता. करवली, म्हणजे नवऱ्याची लग्न झालेली धाकटी बहीण, हळदीची वाटी पदराखाली धरून मांडवाच्या तोंडाशी आली, आणि आक्का पुढे पळत जाऊन दोन्ही खांबांना हात लावून आडव्या उभ्या राहिल्या.

“आत याचं न्हाई. आधी नाव घ्या.”

“आँ? हळद आणणारीनं नाव घ्यायचं?” करवली बावरली.

“आमच्यात रीत हाय.”

नवरीकडच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. “ही रीत कवापास्नं?” एक पुटपुटली.

“पहिल्यापास्नं,” आक्का ठणकावून म्हणाल्या. करवलीने कसंबसं एक नाव घेतलं. आक्कांना ते पसंत पडलं नाही, लई आखूड हाय. दुसरं घेतलं. त्यात तिच्या नवऱ्याचं नावच आलं नाही. ऊन तापलं होतं. टेम्पोचा ड्रायव्हर हसत होता. मी मनात आक्कांना शिव्या घालत होते. रीतीची एवढी हौस, की उन्हात पोरीला तिष्ठत ठेवलंय! शेवटी करवलीने कंबर कसली.

“किकवीहून निघालो तवा ऊन होतं कवळं, गणेशरावांचं नाव घेते, आता तरी दार करा मोकळं!”

हशा पिकला. आक्कांनी मान वळवून एकदा मांडवात बघितलं आणि खांब सोडले. “आता या.”

मी आत गेले आणि आधी कोपऱ्याकडे बघितलं. ट्रायपॉडच्या पायाला झेंडूची माळ. कॅमेऱ्याच्या डोक्यावर हळद-कुंकू. आणि रिमोटच्या छोट्या खिडकीपासून खालच्या बटणापर्यंत अंगठ्याने दाबून लावलेलं कुंकू, आतला आकडा दिसेनासा झालेला. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर, नवी शिलाई मशीन, पिठाची गिरणी, ज्याला म्हणून काम करायला लावायचं त्याला आधी हळद-कुंकू लागतं. माझ्या डबीला ते लागायचं राहिलं होतं, ते कोणीतरी भक्तिभावाने उरकलं होतं. थांबायच्या बटणावर.

बघायला सवड नव्हती. हळद सुरू झाली होती. मी हातातल्या कॅमेऱ्याने आक्का, मावश्या, चुलत्या सगळ्यांचे फोटो काढत होते, आणि डोक्यात एकच. पूनमने एकच फोटो मागितला होता. काकू बाहेर आल्या असतील का, ते माहीत नाही. आल्या असतील आणि डबी बंद असेल, तर ते दुसऱ्यांदा होणार नाही. आज एवढ्या बायकांत त्या दाराबाहेर येणार नाहीत हे मला दिसतच होतं. दार रिकामं होतं.

पंगत बसली तशी मी कॅमेरा उतरवला आणि मांडवामागे जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसले. कुंकू पुसलं. खिडकीत आकडा होता. चालू होता! कुलपाने बटण मुकं ठेवलं होतं. मी त्या डबीला चक्क हात जोडले. आता मला कोणी अंधश्रद्ध म्हणा.

मग फोटो मागे मागे सरकवत बायका बाहेर गेल्या त्या क्षणापाशी आले आणि तिथून पुढे एकेक बघू लागले. प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक पिवळसर धुरकट डाग. हळदीचं बोट लेन्सच्या कडेला लागलं होतं.

पूनम पाटावर एकटी. मागचं दार रिकामं.

दारात काकू, हातात पंचा.

काकू वाकून पूनमच्या कपाळावरून ओघळलेलं तेल पुसताहेत. पूनमने त्यांचं मनगट धरलंय.

पुढच्या फोटोत काकू कॅमेऱ्याकडे बघत होत्या. सरळ, समोरून. त्यांना तो कुठे आहे ते माहीत होतं. तो काय करतो तेही माहीत होतं. पाठ फिरवायला दहा सेकंद हातात होते.

त्याच्या पुढच्यात त्यांची बोटं हळदीच्या वाटीत होती. नंतर दोन्ही तळहात पूनमच्या गालांवर. नंतर पूनम डोळे मिटून हसतेय आणि काकूंच्या नाकावर हळद. ती कधी लागली, कोणी लावली, ते दोन फोटोंच्या मधल्या वेळात गेलं. त्यानंतर पुन्हा पूनम एकटी.

मी टाकीला टेकून रडले असं लिहायला पत्रकवालीला बरं वाटत नाही. पण सुटले, असं नक्की वाटलं. अंगावरून पोतं उतरवल्यासारखं. आणि मग त्याच फोटोंच्या उजव्या कडेला काहीतरी दिसलं, म्हणून मोठं करून बघितलं.

मांडवाच्या तोंडाशी, खांबांना दोन्ही हात लावून, आक्कांची पाठ. सगळ्या फोटोंत. काकू दारातून आल्यापासून परत जाईपर्यंत. पलीकडे गर्दीतलं माझं स्वतःचं तोंड दिसत होतं, आक्कांकडे रागाने बघणारं.

ज्या रीतीबद्दल म्हाताऱ्या एकमेकींना विचारत होत्या ती रीत आक्कांनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या तयार केली होती. एक रीत मोडता यावी म्हणून दुसरी. आम्ही पत्रकवाले म्हणतो, रूढींच्या भिंती पाडल्या पाहिजेत. पाडाव्यातच. पण त्या बाईने भिंत न पाडता तिच्यासमोर स्वतः उभं राहून दार केलं, आणि वर करवलीकडून उखाणा वसूल केला.

अजून एक गोष्ट बाकी होती. लग्न झाल्यावर लॅपटॉप घेऊन मी विंझरला गेले. शब्द दिला होता. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला. मी फोटो एकेक करून पुढे सरकवले. त्या “पुसून टाक” म्हणाल्या तर मी पुसणार होते, आणि पूनमला काय सांगायचं ते मला ठरवता आलं नव्हतं.

“केस किती पांढरं झाल्यात माजं,” त्या शेवटी म्हणाल्या. मग, “हे कोण हुबं हाय?”

“तुम्हीच सांगा.”

त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघितलं. मग आत तोंड करून हाक मारली, “आक्का, अवं आक्का, हिकडं या जरा!”

आक्का पिठाचे हात घेऊन आल्या. फोटो बघितला.

“म्या काय केलं? म्या नाव घ्यायला सांगितलं.”

“तुमाला ठावं हुतं.”

“मला काय ठावं? म्या पाठ करून हुबी. पाठीला डोळं असत्यात का?” मग त्यांचा आवाज खाली आला. “पोरगी तुजी, सुमे. म्या कितीबी हळद लावली तरी तिचं डोळं दाराकडंच. दिसत न्हाई व्हय मला?”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. “पर उद्या कुनी बोट ठेवलं याच्यावर तर?”

“ठेवू दे की! माज्यावर बी ठेव म्हणावं. म्या बी हाय की फोटोत, ही एवढी, म्हशीगत. सवाशीण हाय मी घरातली थोरली. माज्या देखत झालंय. कुणाला बोलायचं आसंल त्यानं हितं येऊन बोलावं.” मग माझ्याकडे वळून, “आणि तू गं? तुज्या त्या डबीला कुंकू लावायचं बी ध्यानात न्हाई. मलाच लावाया लागलं.”

“तुम्ही लावलं होतं?”

“मंग? चांगलं काम करायला लावलं हुतंस त्याला.”

सुमनकाकू हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, “ठेव.”

मी पुन्हा विचारलं. अशा वेळी दोनदा विचारावं.

“ठेव म्हणलं की. अल्बमात ठेव. पर भिताडावर न्हाई लावायचा, पेपरात न्हाई द्यायचा.”

वडिलांना मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते लगेच म्हणाले, फोटो दे, पत्रक काढू. मथळाही त्यांनी सुचवला. चांगला होता. माझ्या डोक्यातला त्याहून चांगला होता. दोन्ही मागे ठेवले. या लेखासोबत तो फोटो नाही, कृपा करून मागू नका. लेख मात्र काकूंना वाचून दाखवला आहे. आक्कांची एकच दुरुस्ती होती, त्यांना म्हशीगत म्हणू नये. मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात. मग राहू दे म्हणाल्या.

पूनमचा मध्ये फोन आला. किकवीला अल्बम उघडला, सासूबाईंनी सगळा चाळला आणि त्या पानावर थांबल्या. सासूबाईंनी बोट ठेवलं. डाव्या कोपऱ्यावर.

“हे पिवळं काय लागलंय गं?”

“हळद हाय, आई. कॅमेऱ्याला बी लावली हुती.”

“आता कॅमेऱ्याला बी?” म्हणून त्यांनी पान उलटलं.

दिवाळीत तुमच्या घरी माणसं जमतील. फोटो निघतील. माझं एक मागणं आहे. सुरुवातीला विचारलं ते आठवा, तुमच्या अल्बममध्ये कोण नाही ते. तिच्याकडे जा आणि तिला विचारा. सगळ्यांसमोर नाही, ती जिथे काम करत असेल तिथे जाऊन. हो म्हणाली तर टायमर रिमोट लागतो असं नाही, तुमच्या मोबाईलमध्येही टायमर आहे. फराळाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवा, बटण दाबा आणि तुम्हीही तिच्या शेजारी जाऊन बसा, म्हणजे मोबाईलमागे कोणी उरणार नाही. नाही म्हणाली तर मोबाईल खिशात घाला. पण तिच्या शेजारून उठू नका.